बाहेरचं औषध

कोल्हापूरहून परत आले तेव्हा शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकच विचारलं, काय काय पाहिलं? देवीचं दर्शन झालं का, रंकाळ्यावर भेळ खाल्ली का, पन्हाळ्याला गेला होतात का? मी यातलं काहीच केलं नाही. चप्पलसुद्धा आणली नाही. बारा-तेरा दिवस त्या जिल्ह्यात काढले आणि पाहिलं काय, तर एक काजूची शेड, एक उसाचा मळा, एक दवाखाना आणि गाडीच्या खिडकीतून दिसेल तेवढा मुलूख. ज्यांना सहलीची हौस आहे त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. पण ज्यांच्या घरात एखादं माणूस कोपऱ्यात बसून असतं आणि पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत नेलं जातं, त्यांच्यासाठी लिहिते आहे. अशी घरं किती आहेत ते मला या प्रवासात कळलं.

जाण्याचं कारण माझी धाकटी बहीण मंगल. चौऱ्याण्णव साली लग्न होऊन ती आजऱ्याला गेली. आम्ही लातूरचे लिंगायत वाणी, तेही आपल्यातलेच. मध्यस्थाने "पाण्याचा मुलूख आहे, पोरगी सुखात राहील" असं सांगितलं आणि टँकरच्या रांगेत लहानाच्या मोठ्या झालेल्या आम्हाला तेवढं पुरलं. चार-पाच वर्षांनी तिला मूल झालं आणि आठ दिवसांत गेलं. त्यानंतर मंगल हळूहळू मिटत गेली. सासरच्यांनी तिला कोल्हापूरला एका धर्मादाय दवाखान्यात दाखवलं. गोळ्यांनी सहा महिने बरं वाटलं. मग डॉक्टरांनी औषध बदललं आणि ते बाहेरून घ्यायला सांगितलं. मी फोन केला की विचारायचे, "बाहेरचं चालू आहे ना?" तिकडून तिची सासू ठणकावून सांगायची, "चालू हाय की!" मी एसटीडी बूथवाल्याचा आकडा बघत फोन ठेवायचे.

ती दोन वर्षं मी आईच्या खाटेला बांधलेली होते. आईला अर्धांगवायू झालेला, घरात मी एकटी, वर शाळा. आई गेली. महिना झाला नाही तोच मंगलच्या नवऱ्याचा, बसवराजचा, फोन आला. "आक्का, मंगल दीड म्हैना झाला बोलत न्हाई. आता जेवतबी न्हाई. मला काय सुदरंना झालंय." मी आठवड्याची रजा टाकली. आईची खोली झाडून काढली, गादी उन्हात घातली. मंगलला लातूरला घेऊनच यायचं असं ठरवून निघाले. दमले होते, पण एक आजारी माणूस गेल्यावर दुसरं सांभाळायला हात मोकळेच होते.

कोल्हापूर, एसटी स्टँड

रात्रभराच्या गाडीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. शिरोलीच्या कारखान्यांची धुराडी दिसली तेव्हा उजाडत होतं. स्टँडवर बसवराज मफलर गुंडाळून उभा होता. चार वर्षांत माणूस दहा वर्षांनी म्हातारा झालेला. आजऱ्याच्या गाडीला वेळ होता म्हणून समोरच्या हॉटेलात बसलो. आमच्याकडे सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा, खातात, शांतपणे. इथे मालक टेबलापाशी येऊन जवळजवळ ओरडला, "पावणं लांबनं आलंय जणू! कट वाढू का अजून?" मी नको म्हणायच्या आत त्याने मिसळीवर पळी उलटी केली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बसवराजला वाटलं मी मंगलसाठी रडते आहे. त्याने मान खाली घातली आणि तोही डोळे पुसायला लागला. मला ते तिखटाचं पाणी आहे असं सांगवेना.

"आक्का, तुम्ही आलायसा ते बरं झालं," तो म्हणाला. "अव्वा कुणाचं ऐकत न्हाई. तुमचं ऐकंल."

अव्वा म्हणजे त्याची आई. तिकडे कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळे आईला अव्वा. गावही तिला अव्वाच म्हणतं.

आजरा

गडहिंग्लज मागे पडल्यावर रस्ता चढायला लागतो आणि सगळं हिरवं होत जातं. डिसेंबर होता. भाताची कापणी होऊन गेली होती, खळ्यांवर पेंढ्यांच्या गंज्या. इथला घनसाळ तांदूळ शिजायला लागला की वास चार घरं सोडून येतो म्हणतात, ते खरं आहे. बसवराजच्या गल्लीत शिरताना मला भूक लागली आणि त्याची लाजही वाटली. ओढ्याला पाणी वाहत होतं आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. लातूरच्या माणसाला ते बघवत नाही.

घरामागे पत्र्याची शेड आहे, तोच त्यांचा काजूचा कारखाना. बिया वाफेवर उकडायच्या, वाळवायच्या आणि पायाने चालवायच्या मशीनवर एकेक फोडायची. टरफलातून जे काळं तेल निघतं ते कातडं जाळतं. म्हणून सहा बायका बोटांना तेल आणि राख फासून बसल्या होत्या. शेडच्या दाराशी मंगल होती. पुढ्यात सूप, सुपात काजू, अख्खे वेगळे आणि पाकळ्या वेगळ्या करायला दिलेले. तिचं बोट एका काजूवर टेकलेलं होतं आणि तिथेच होतं.

मी शेजारी बसले. हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिचा हात हातात घेतला आणि थोड्या वेळाने सोडला, तर तो हवेत तसाच राहिला. अव्वा आल्या, त्यांनी तो हात अलगद धरून मंगलच्या मांडीवर ठेवला, जसं आपण झोपलेल्या मुलाचा ठेवतो.

"बा मगळ, बा," त्या म्हणाल्या आणि तिला उठवून आत घेऊन गेल्या. मला राग आला. सात-आठ वर्षं घरात असलेल्या सुनेचं नाव बाईला धड घेता येत नाही, मंगलचं मगळ करते!

मग मी पेज भरवणं पाहिलं. वाटीभर पेज, चमच्याचं टोक, ओठाला लावायचं, वाट पाहायची, गिळलं का बघायचं. वाटी संपायला तास लागला. असं दिवसातून चार वेळा. मी आईचं केलं आहे, त्यामुळे त्या तासाचं वजन मला माहीत होतं. पण मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही, कारण मला भांडायचं होतं.

"तिच्या गोळ्या दाखवा," मी म्हणाले.

अव्वांनी फळीवरून पत्र्याचा डबा काढला. आत काळे दोरे, अंगाऱ्याच्या पुड्या, सुकून दगड झालेलं लिंबू, एक ताईत.

"हे औषध?"

"व्हय. दर अमावस्येला कुरुंदवाडला जाऊन आणतोय. एक चुकवली न्हाई."

"आणि डॉक्टरांच्या गोळ्या?"

"त्या कवाच बंद केल्या. दोन वर्सं झाली."

मी काय काय बोलले ते आता लिहायची लाज वाटते. अडाणी म्हणाले, खोटारडी म्हणाले. दोन वर्षं फोनवर मला थापा मारल्या म्हणाले. बसवराज भिंतीकडे तोंड करून उभा. अव्वांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आवाज चढवू नगा. तिला तरास हुतोय." मी वळून पाहिलं. मंगलचा चेहरा होता तसाच होता, पण डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये येरझाऱ्या घालत होते. रागात माणसाचं तोंड चालतं. वाळत घातलेली एक बी उचलली आणि दाताने फोडायला गेले. मशीनवरच्या बायका एकदम ओरडल्या, "अवो बाई, नगा, नगा!" तोवर व्हायचं ते झालं. खालचा ओठ दुपारपर्यंत कारल्याएवढा झाला. अव्वांनी खोबरेल तेल लावलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "चार बुकं शिकलीसा, पण काजू ठाव न्हाई." ओठ हलत नव्हता, मी तो पदराने झाकला.

त्या अवस्थेत आमचा सौदा ठरला. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि अमावस्या. मी एकदा त्यांच्याबरोबर कुरुंदवाडला यायचं, आणि सोमवारी त्यांनी माझ्याबरोबर डॉक्टरकडे. त्यानंतर मंगलला मी लातूरला नेणार, हेही मी सांगून टाकलं. अव्वा बराच वेळ सुपारी कातरत बसल्या. "तुमची भन हाय," त्या म्हणाल्या. "न्या."

कुरुंदवाड

भाड्याची जीप, तीन तास. मंगलला मधल्या सीटवर अव्वांच्या अंगावर रेलून बसवलं होतं. खड्डा आला की अव्वा तिच्या कपाळापुढे हात धरायच्या. आणि सारखं मगळ, मगळ. शेवटी मी पुढे बसलेल्या ड्रायव्हरला हळूच विचारलं, यांना मंगल म्हणता येत नाही का? तो हसला.

"बाई, मगळ म्हंजी कानडीत लेक. नाव न्हवं ते."

मी पुढचा तासभर खिडकीतून ऊस बघत बसले.

कुरुंदवाडच्या अलीकडे रस्त्याला लागून मळा आहे. घराच्या पडवीत सतरंजी, सतरंजीवर पन्नास-साठ माणसं. मला वाटलं होतं किंकाळ्या असतील, घुमणं असेल, धूर असेल. यातलं फार काही नव्हतं. एक बाई डोकं हलवत होती, एका माणसाचे हात उपरण्याने बांधलेले होते, तेही सैलसर. बाकी लोक सरकारी कचेरीत बसावेत तसे कंटाळून बसले होते. आणि एकमेकांशी बोलत होते. तुमचं कवापासनं? आमची सून बी अशीच. झोप येती का तिला? माझ्या शेजारच्या म्हातारीने मला पाच मिनिटांत तिच्या मुलाची सगळी कथा सांगितली. आमच्या घरात आजवर कोणी कोणाला एवढं सांगितलेलं नाही.

अंगारे-दोरे देणारे गृहस्थ, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, बनियन घालून बसले होते. चष्म्याला दोरी. पासष्टीचा माणूस, सकाळपासून बसून पाठ धरलेली. पुढ्यात लिंबू, अंगारा आणि त्यांच्या स्वतःच्या मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी. आमची पाळी आली तेव्हा त्यांनी मंगलकडे पाहिलं, मग माझ्या ओठाकडे पाहिलं आणि विचारलं, "आज हिचं हाय की हिचं?"

"त्यांनी काजू चावलाय," अव्वा म्हणाल्या.

"मग ते माझ्याकडं न्हाई." आणि मग ते गंभीर झाले. "ही कोण? म्हायेरची? बरं झालं. मी कुणाच्या बी सुनंला म्हायेरचा होकार असल्याबिगर हात लावत न्हाई. उद्या काय झालं तर म्हायेरची मानसं दारात येत्यात. तुमचा होकार पत्रानं आला हुता, आज मानूस आलं."

"माझा होकार?" मी म्हणाले.

अव्वांनी कमरेची चंची सोडली. चंची म्हणजे पान-सुपारीची कापडी पिशवी, कप्प्या-कप्प्यांची. तिच्या सगळ्यात आतल्या कप्प्यातून त्यांनी एक अंतर्देशीय पत्र काढलं. घड्यांवर फाटलेलं, चुन्याचे डाग पडलेलं. अक्षर माझं होतं. अव्वांना वाचता येत नाही. त्यांनी ते अण्णांना दिलं आणि अण्णांनी, बहुधा कितव्यांदा तरी, मोठ्याने वाचलं:

"डॉक्टरांनी बाहेरचं सांगितलं असेल तर बाहेरचं करा. विचारत बसू नका. खर्चाचा विचार करू नका. आणि एकदा सुरू केलं की मध्ये बंद करू नका, नाहीतर गुण येत नाही."

खाली माझी सही होती.

मला आधी काही कळेना. मग सगळं एकदम कळलं. मी अव्वांना विचारलं, दवाखान्यात नेमकं काय झालं होतं? त्यांनी सांगितलं. बसवराज काजूचं पोतं पोचवायला बाजारात गेला होता. त्या मंगलला घेऊन औषधाच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. आतल्या माणसाने चिठ्ठी बघितली, परत दिली आणि म्हणाला, "आजी, हे बाहेरचं आहे. इथं नाही मिळणार. बाहेर बघा." अव्वांच्या पायाखालची जमीन सरकली. इतके दिवस शेजारणी म्हणत होत्या बाहेरचं आहे, बाधा आहे, आणि त्यांनी ते मानलं नव्हतं. आता एवढ्या मोठ्या दवाखान्याने स्वतः कबूल केलं. तरी त्यांनी मनाने काही केलं नाही. शिकलेल्या थोरल्या बहिणीला विचारू या म्हणाल्या. बसवराजने पत्र लिहिलं: डॉक्टरांनी बाहेरचं सांगितलंय, काय करायचं? आणि मी, मुलांना मराठी शिकवण्यात बावीस वर्षं घालवलेली बाई, आईच्या अंथरुणाशेजारी बसून घाईत उत्तर खरडलं होतं.

"अव्वा," मी म्हणाले, "बाहेरचं म्हणजे बाहेरच्या दुकानातलं. मेडिकलमधलं. त्या गोळ्या तिथे संपल्या होत्या, एवढंच."

अव्वांनी पुन्हा चंचीत हात घातला. डॉक्टरांची चिठ्ठीही होती तिथे, त्याच कप्प्यात. टाकली नव्हती. अण्णांनी चष्मा पुसला, चिठ्ठी उजेडात धरली आणि औषधाचं इंग्रजी नाव अक्षर लावून वाचलं.

"मी परत्येकाला इच्चारतो, दवाखान्यात दाखवलंसा का," अण्णा म्हणाले. "ह्या अव्वा म्हनाल्या, डॉक्टरनीच धाडलंय. दोन वर्सं मी गावात सांगत सुटलोय, कोल्लापूरचा डॉक्टर माझ्याकडं पेशंट धाडतोय म्हनून." ते हसायला गेले आणि हसू मध्येच राहिलं. "पोरगी वाळत चालली हुती. मला दिसत हुतं. पन डॉक्टरचाच भरवसा हाय म्हटल्यावर मी बी जोर लावला."

त्यांनी अंगारा दिला नाही. उठून मंगलच्या डोक्यावर हात ठेवला आणि बसवराजला म्हणाले, "उद्या सकाळी न्ह्या. हितं परत आणू नगा."

बाहेर आल्यावर अव्वा जीपच्या सावलीत बसल्या. "माझ्या हातनं झालं," एवढंच म्हणत होत्या. मी म्हणायला हवं होतं की तुमच्या नाही, माझ्या. मी ते म्हणाले नाही. कुरुंदवाडात बसवराजने बासुंदी आणली, सकाळपासून कोणी जेवलं नव्हतं म्हणून. द्रोण तसेच राहिले. फक्त अव्वांनी बोटाने थोडी मंगलच्या ओठाला लावली. तिने ती चाटली.

राजारामपुरी

सोमवारी सकाळी आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत नव्या डॉक्टरांकडे होतो. खाली दुकानं, वर दहा-बारा खाटांचा दवाखाना. पाटीवर मनोविकारतज्ज्ञ असं ठळक लिहिलेलं, आणि लोक खालच्या दुकानाकडे आल्यासारखं दाखवून मग पटकन जिना चढतात. डॉक्टर बाई चाळिशीच्या, आवाज बसलेला, टेबलावर बुद्धाची लहानशी मूर्ती आणि गार झालेला चहा. त्यांनी त्या ‘बाहेरचं’ची सगळी गोष्ट ऐकली आणि हसल्या नाहीत. "आम्ही लिहितो आणि पुढे ढकलतो," म्हणाल्या. "खिडकीतून काय ऐकू जातं ते बघायला कोणी जात नाही."

त्यांनी मंगलचा हात उचलून सोडून पाहिला. तपासण्या केल्या, दोन दिवस इंजेक्शनं देऊन पाहिली. बुधवारी त्यांनी मला, बसवराजला आणि अव्वांना बोलावलं. मंगललाही खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, अन्नपाणी सुटलेलं आहे, गोळ्यांचा गुण येईपर्यंत थांबता येणार नाही, शॉक द्यावे लागतील.

आणि मी, चारचौघांत विज्ञानाचा झेंडा घेऊन आलेली मी, उठून उभी राहिले. "नाही," म्हणाले. "मी तिला घेऊन जाते."

याला कारण आमचे काशिनाथकाका. वडिलांचे चुलतभाऊ. मी चौथीत असताना त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. त्याआधी वर्षभर ते आमच्याच परसातल्या खोलीत कडी लावून होते आणि जेवण दाराच्या फटीतून जात असे. इस्पितळातून परत आले तेव्हा त्यांचे पुढचे दोन दात नव्हते. जागेपणी द्यायचे शॉक, चार माणसं धरून ठेवायची. काका विजेचं बटण दाबल्याचा आवाज आला तरी खाटेखाली शिरायचे. आमच्या घरात त्यानंतर त्या विषयावर कोणी चकार शब्द काढला नाही. मी हे सगळं डॉक्टरांना भडाभडा सांगितलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"तसं व्हायचं," त्या म्हणाल्या. "माझ्या शिक्षकांनी ते पाहिलंय. आता भूल देतो, स्नायू सैल पडायचं इंजेक्शन देतो. ती झोपेत असेल. उठल्यावर डोकं दुखेल, थोडं विसरायला होईल, काही गोष्टी कदाचित परत आठवणारही नाहीत. ते मी लपवत नाही. आणि वीस वर्षांनी आमच्याही पद्धतीला कोणी नावं ठेवेल. पण आज माझ्याकडे याहून चांगलं काही नाही."

मी नाही म्हणतच राहिले. तेव्हा अव्वांनी विचारलं, "तिला दुखंल का?"

"नाही."

"मी जवळ बसू का?"

"उठेल तेव्हा बसा. ती काजू निवडायला बसवायची युक्ती कोणाची?"

"माझीच. हात गुतलेला असला की तिचं रडनं थांबायचं."

"घरी गेल्यावर ते पुन्हा सुरू करा," डॉक्टर म्हणाल्या. मग त्या मंगलसमोर खाली बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. "मंगलताई, तुम्हाला ऐकू येतंय हे मला माहीत आहे. उपचार करायचे तर तुमच्या वतीने घरातल्या कोणाची तरी सही हवी. नवरा आहे, बहीण आहे, सासूबाई आहेत. कोणी ठरवायचं?"

दीड-दोन महिने न बोललेल्या माणसाला काय विचारतात, असं माझ्या मनात आलं. गेल्या चार वर्षांत आम्ही सगळ्यांनी तिच्यासाठी इतकं ठरवलं होतं, पत्राने, फोनने, अमावस्येने. तिला मात्र कोणी विचारलं नव्हतं. बराच वेळ गेला. मग मंगलचा हात मांडीवरून सरकला. सरकत सरकत अव्वांच्या पदराशी गेला आणि तो पदर तिने मुठीत धरला.

अव्वांनी अंगठा दिला. साक्षीदार म्हणून मी सही केली. त्या कागदावरचा शब्दन् शब्द मी दोनदा वाचला.

गुरुवारी पहिला झाला. मी दाराबाहेर बाकावर कानांत बोटं घालून बसले होते. काही आवाज आला नाही. पंधरा मिनिटांत दार उघडलं आणि ती झोपलेली होती, दात जागच्या जागी होते. शनिवारी दुसरा. त्या दिवशी तिने पाण्याचा पेला स्वतः धरला. माझी रजा संपत आली होती. शाळेत फोन करून वाढवून घेतली तेव्हा मुख्याध्यापक चिडले.

सोमवारी तिसरा झाला. दुपारी बसवराज आजऱ्याहून आणलेल्या घनसाळचा मऊ भात घेऊन आला. अव्वांनी चमचा पुढे केला तर मंगलने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. स्वतः खाल्लं. सावकाश, अर्धा भात. आम्ही तिघं बघत होतो आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. जेवून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. ओळख लागायला वेळ लागला असावा. माझे केस आईच्या आजारात पांढरे झाले होते, चार रात्री बाकावर काढलेल्या होत्या, ओठाची खपली अजून निघाली नव्हती.

मी मनात वाक्य जुळवत होते. मंगल, चल लातूरला. खोली तयार आहे. माझं चुकलं.

ती आधी बोलली. आवाज गंजलेला होता आणि बोली पार त्यांच्याकडची झालेली होती.

"ताई," ती म्हणाली, "किती दमलीयास गं तू." आणि खाटेवर भिंतीकडे सरकून तिने मला जागा केली.

अव्वांच्या आणि बसवराजच्या देखत मी चप्पल काढली आणि तिच्या शेजारी आडवी झाले. मला जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि मंगल भिंतीला टेकून बसून माझ्या पायांवरची चादर नीट करत होती.